रज्जाकभाईंचं पथ्य आणि इमारतीचं कोलेस्टेरॉल

रज्जाकभाई तांबोळींना मंचुरियन मुळीच आवडत नसे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचा सगळा घोळ त्यांच्या जिभेच्या चोचल्यांपायी झाला असा तुमचा समज व्हायचा आणि त्या सज्जन माणसावर उगाच अन्याय व्हायचा. अन्याय करायला डॉक्टर उमेरा एकट्या पुरेशा होत्या.

आवडत नसे, तरी रोज संध्याकाळी ते लोणावळ्याच्या बाजारात अरबाजच्या चायनीजच्या गाडीवर जात आणि ते लालभडक गोळे मुकाट्याने गिळत. कधी मंचुरियनच्या जागी शेजवान राइस, कधी नूडल्स. कारण एवढंच, की ते दहा पावलांवर असतानाच अरबाज कढईवरून ओरडे, "या चाचा! आज उशीर केलात?" दिवसभरात रज्जाकभाईंची चौकशी करणारं हे दुसरं वाक्य असे. पहिलं सकाळी. हिराबाई वडापावच्या गाडीवरून विचारी, "मिरची देऊ का, भाऊ?" आता मिरचीची चौकशी ही काही माणसाची चौकशी नव्हे, पण बायको, लैला, गेल्यापासून रज्जाकभाई या बाबतीत फार काटेकोर राहिले नव्हते.

नोकरीत मात्र ते कमालीचे काटेकोर होते. एसटीच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी उभा जन्म काढला. खिडकीतून माइकवर "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" असं ते म्हणाले की फलाटावरची शंभर डोकी त्यांच्याकडे वळत. निवृत्त झाल्यावर हेच वाक्य त्यांनी एकदा स्वयंपाकघरात म्हणून पाहिलं. फ्रिज तेवढा घरघरला.

त्यांची इमारत म्हणजे 'इंद्रायणी व्ह्यू'. या नावात इंद्रायणी असली तरी गच्चीतून दिसते ती शेजारच्या बंगल्याची पाण्याची टाकी. बहुतेक फ्लॅट मुंबईकरांचे. शनिवारी इमारतीत उजेड, गाणी, कांदाभजी; सोमवारी कुलुपं. आठवडाभर ज्यांच्या दारात चपला दिसत अशी घरं चारच. तळमजल्यावर नंदाबाई. त्या मूळच्या भाजे गावच्या. मुलाने हौसेने फ्लॅट घेऊन त्यांना इथे आणलं आणि सुनेसकट तो स्वतः रोज तळेगावच्या कंपनीत जाऊ लागला. पहिल्या मजल्यावर राजेश्वरी मॅडम, हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या, एकट्या. दुसऱ्यावर रज्जाकभाई. आणि तिसऱ्यावर सोसायटीचे सेक्रेटरी अमृतराव काजळे, बँकेतून निवृत्त, माळकरी, सपत्नीक, आणि नोटीस लिहिण्याचा त्यांना दांडगा शौक. ही चार घरं एकमेकांना ओळखत होती, म्हणजे जिन्यात भेटली की "काय, बरंय ना?" म्हणत आणि उत्तरासाठी न थांबता पुढे जात.

तर एके दिवशी त्याच जिन्यात रज्जाकभाईंना गरगरलं. कठड्याला धरून ते बराच वेळ उभे राहिले. तेवढ्या वेळात कुणी आलं नाही, गेलं नाही. मग ते आपले आपण उमेराच्या दवाखान्यात गेले. उमेरा म्हणजे त्यांच्या जुन्या कंडक्टर दोस्ताची मुलगी. लहानपणी त्यांच्याकडून लिमलेटच्या गोळ्या घेणारी ही पोरगी आता चष्म्यावरून बघत होती.

"चाचा, हा रिपोर्ट नक्की तुमचाच ना?"

"माझाच. का?"

"मला वाटलं अरबाजच्या कढईचा आहे."

मग तिने एकेक आकडा काढून त्यांच्यासमोर ठेवला. कोलेस्टेरॉल चढलेलं, साखर हद्दीवर येऊन उभी, रक्तदाब वर, यकृतावर चरबी. मैदा, मीठ, आणि तेच तेच पुन्हा उकळलेलं तेल रोज पोटात गेल्यावर दुसरं काय होणार? "तीन महिने बाहेरचं बंद. वडापाव नाही, चायनीज नाही, काही नाही. मग परत रक्त तपासू," ती म्हणाली. रज्जाकभाईंनी मान डोलावली. बाहेरचं खाणं सोडायला त्यांची काहीच हरकत नव्हती. पण खाणं बंद म्हणजे "या चाचा" पण बंद, हे काही रिपोर्टात येत नाही आणि ते डॉक्टरला सांगताही येत नाही.

घरी येऊन त्यांनी खिचडी लावली. कुकर हे यंत्र त्यांनी आजवर बाहेरून पाहिलं होतं. शिट्ट्या झाल्या की गाडी सोडायची एवढं तत्त्व त्यांना पटत होतं, पण पाणी घालायचं असतं आणि ते बरंच घालायचं असतं, ही बाब लैलाने कधी त्यांच्या कानावर घातली नव्हती. थोड्याच वेळात जिन्यात धूर झाला आणि नंदाबाई पदर नाकाला लावून वर आल्या.

"भाऊ! काय जळतंय वो? म्या म्हनलं, आग लागली का काय!"

"काही नाही, ताई. स्वयंपाक करतोय."

"ह्येला सयपाक म्हनत्यात व्हय?" त्यांनी कुकरात डोकावून पाहिलं आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. मग रज्जाकभाईंनी रिपोर्टाची हकिकत सांगितली. सांगताना ती जरा लांबवलीच, कारण कुणीतरी ऐकत होतं.

एका माणसाला आजार सांगितला की तो चार जणांना औषध सांगायला मोकळा होतो. संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी फिरली. नंदाबाईंनी अनशापोटी मेथीचं पाणी सांगितलं. राजेश्वरी मॅडमनी एका मंचुरियनच्या गोळ्यात किती उष्मांक असतात आणि ते जाळायला किल्ल्यावर किती चढावं लागेल याचं गणित मांडलं. त्या हिशेबाने रज्जाकभाईंना उरलेलं आयुष्य लोहगडावरच काढावं लागणार होतं. अमृतरावांनी दालचिनी, अळशी, उलटं चालणं आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी यांचे चौदा व्हिडिओ पाठवले. रज्जाकभाईंनी सगळं केलं. उलटं चालताना ते पार्किंगमधल्या कुंडीवर बसले, ती कुंडी एका मुंबईकराची निघाली, आणि त्याबद्दल अमृतरावांनी त्यांना कर्तव्य म्हणून नोटीसही दिली.

पण अमृतराव मनाने वाईट नव्हते. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर केलं, 'आपले ज्येष्ठ सभासद श्री. तांबोळी यांनी बाहेरचे अन्न त्यागले आहे. तरी त्यांच्या डब्याची सोय आपण करू या.' खाली वेळापत्रक. सोमवार-गुरुवार नंदाबाई, मंगळवार-शुक्रवार राजेश्वरी मॅडम, बुधवार-शनिवार काजळे. रविवारी रुग्णाने फळं खावीत.

रज्जाकभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण लगेच त्यांच्यातला वाहतूक नियंत्रक दुखावला. ज्याने अर्ध्या मावळाची वेळापत्रकं हातावेगळी केली, त्याचं वेळापत्रक एका बँकवाल्याने करावं! त्यातही रविवारी एकही फेरी नव्हती. त्यांनी दुरुस्ती सुचवणारा मेसेज लिहिला आणि मग खोडला. फेरी सुरू झालीये, हेच खूप होतं.

सोमवारी नंदाबाई स्वतः डबा घेऊन आल्या. नाचणीची भाकरी, मुगाचं बिरडं, काकडीची कोशिंबीर. दारात उभ्या राहून त्या भाज्याच्या भातखाचरांबद्दल इतकं बोलल्या की बिरडं निवलं. रज्जाकभाईंना ते निवलेलं बिरडं फार गोड लागलं.

आणि खरा पेच तिथून पुढे सुरू झाला.

डबा घासून, पुसून त्यांनी ओट्यावर ठेवला. झाकणावर नाव कोरलेलं होतं, 'नंदाबाई भिमाजी'. आता हा परत द्यायचा. पण कसा? शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे काय त्यांना कुणी सांगायला हवं होतं? लैलाचा तो घरातला कायदाच होता. काहीच नसलं तर ती चिमूटभर साखर घाली, पण रिकामं भांडं उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसे. म्हणे, घरातली बरकत त्या भांड्याबरोबर जाते. रज्जाकभाईंनी घरात शोधलं. साखर उमेराने फेकायला लावली होती. होती ती जळकी खिचडी आणि अळशी.

मग त्यांना सुचलं. पथ्य त्यांना होतं. नंदाबाईंना थोडंच होतं?

"या चाचा!" अरबाज लांबूनच ओरडला. "कुठं होतात इतके दिवस?" रज्जाकभाईंना गहिवरून आलं. त्यांनी कोबीचं मंचुरियन बांधून घेतलं, अरबाजशी अर्धा तास बोलले, एक गोळाही तोंडात टाकला नाही, आणि डबा भरून तळमजल्यावर पोचवला. कायदा पाळला गेला, पथ्य पाळलं गेलं, गप्पाही झाल्या.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरी मॅडमचा डबा नूडल्सनी भरून परत गेला. अमृतराव माळकरी, कांदा-लसूणही बघून खाणारे. त्यांच्या डब्याला अंड्याच्या कढईचा वारा लागू नये म्हणून रज्जाकभाई मुद्दाम हिराबाईकडे जाऊन बिनलसणीचा बटाटेवडा वेगळा तळून घेत, शिवाय वर थोडी चिक्की. "मिरची देऊ का, भाऊ?" हिराबाई विचारी. "सेक्रेटरींना विचारून सांगतो," ते म्हणत, आणि दोघं हसत.

हळूहळू वेळापत्रक कोलमडू लागलं. नंदाबाई मंगळवारीही वाटीभर आमटी घेऊन वर येऊ लागल्या. "सहज आनली," म्हणत, आणि जाता जाता, "ते लाल गोळं लय झाक व्हतं बरं का, भाऊ." राजेश्वरी मॅडम एका डब्याऐवजी दोन पाठवत, भाजी वेगळी, पोळी वेगळी, म्हणजे परतफेडीची भांडीही दोन. अमृतराव आमसुलाचं सार आणायचे ते छोट्या वाटीतून, आणि जाताना परतफेडीसाठी मोठं पातेलं ठेवून जायचे, "चुकून". एका शनिवारी तर मुंबईच्या एका बाईंनी, ज्यांना रज्जाकभाई कोण हेही माहीत नव्हतं, दोन केळी डब्यात घालून दाराशी ठेवली. तीही मंचुरियन होऊन परत गेली.

दिवसातून चार-चारदा बेल वाजू लागली. जिन्यात "काय, बरंय ना?" विचारून माणसं थांबू लागली. रविवारी पुण्याहून मुलाचा, माजचा, फोन आला. एरवी मुलाचं आणि बापाचं बोलणं "जेवलात का, अब्बा?", "जेवलो", इतकंच. या वेळी अब्बांनी इमारतीचे एवढे किस्से सांगितले, की शेवटी माजच म्हणाला, "अब्बा, मला मीटिंग आहे." रज्जाकभाईंना पोराची कीव आली.

तीन महिने असे सुखाचे गेले. मग अमृतरावांच्या डोक्यात आलं की या यशाचा गौरव व्हायला हवा. त्यांनी पार्किंगमध्ये रक्ततपासणीचं शिबिर ठरवलं. ज्या जागेत टेबल मांडायचं ती एका दादरच्या मालकाची, त्यामुळे त्याची लेखी परवानगी हवी. मालकाने कळवलं, गाडी उभी करण्याच्या जागेत रक्त काढणं नियमात बसत नाही. अमृतरावांनी उलट कळवलं की रक्त जमिनीवर सांडणार नाही याची हमी सोसायटी घेते. हा पत्रव्यवहार इतका रंगला की शेवटी उमेराने सगळ्यांना नंदाबाईंच्या हॉलमध्ये बसवलं आणि सुया टोचल्या.

रिपोर्ट आले त्या संध्याकाळी चारही घरं तिथेच जमली. अमृतरावांनी हाराचीही व्यवस्था केली होती.

"रज्जाकचाचा," उमेरा म्हणाली, "तुमचं सगळं जवळजवळ जागेवर आलंय. शाब्बास." टाळ्या पडल्या. अमृतराव हार घेऊन उठले. "बसा, काका," उमेरा त्यांना म्हणाली. "बाकीच्यांची नावं मी घेत नाही. पण बाकी सगळ्यांचं वर गेलंय. कोलेस्टेरॉल, साखर, दाब. एका घरात नाही, सगळ्या घरांत. तीन महिन्यांत तुम्ही असं नवीन काय खायला लागलात?"

राजेश्वरी मॅडम पंख्याकडे बघू लागल्या. अमृतराव हारातली फुलं मोजू लागले. नंदाबाईंना मात्र खोटं बोलायची सवय नव्हती.

"आमी काय बाहीर खात न्हाई, बाई. भाऊच्या घरनं डब्यात येतं, तेवढंच खातो."

"भाऊंच्या घरनं?"

"भांडं रिकामं कसं द्यायचं?" रज्जाकभाई पुटपुटले. "पण मी स्वतः एक घास खाल्ला असेल तर शपथ."

उमेराने तोंडावर हात धरला. हसू आवरल्यावर ती म्हणाली, "चाचा, तुम्ही पथ्य पाळलंत, आणि दुखणं शेजाऱ्यांत वाटून टाकलंत."

सगळे हसले. रज्जाकभाईही हसले. त्यांना वाटलं, झालं, प्रकरण हसण्यावारी गेलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर नोटीस लागली. एक, श्री. तांबोळी यांची प्रकृती सुधारल्याने डबा योजना आजपासून बंद करण्यात येत आहे. दोन, यापुढे कोणी कोणाचे भांडे नेल्यास ते स्वच्छ धुऊन रिकामेच परत करावे.

रज्जाकभाई नोटीस दोनदा वाचून वर गेले. 'प्रवासी कमी असल्याने फेरी रद्द,' असं त्यांनी माइकवर हजारदा म्हटलं होतं. प्रवासी कमी म्हणजे अगदी नसतात असं नाही. एखादा असतोच पिशवी घेऊन उभा. खिडकीतून तो नीट दिसत नसे एवढंच.

बेल थांबली. कुणी भांडलं नव्हतं, कुणी रागावलं नव्हतं. सगळे आपापल्या घरी उकडलेल्या भाज्या खात होते. नंदाबाईंची सून आता सकाळीच त्यांचं पथ्याचं करून जाई, त्यामुळे त्यांनाही वर यायचं काही कारण उरलं नाही. जिन्यात पुन्हा "काय, बरंय ना?" सुरू झालं, न थांबता. रज्जाकभाई बाजारात गेले, तर अरबाजने हात जोडले. "चाचा, डॉक्टरीणबाईंनी मला दम दिलाय. तुम्हालाही द्यायचं नाही आणि तुमच्या डब्यातही नाही." मग तो गिऱ्हाइकांत गुंतला. न खाता गाडीपाशी उभं राहायचं तर काही निमित्त लागतं, ते रज्जाकभाईंना सापडेना. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, जरा सरकता का?" ते सरकले आणि घरी आले. त्यांची तब्येत ठणठणीत होती आणि ती दाखवायला घरात कुणी नव्हतं.

शेजवान त्यांना खरंच आवडत नव्हतं. पण त्या दिवशी ते ओट्यापाशी बसून रडले, हे खरं.

काही दिवसांनी फडताळ आवरताना त्यांच्या हाती लैलाचं पातेलं लागलं. पितळी, आतून कल्हई केलेलं. काठावर नाव होतं, 'सौ. लैला रज्जाक तांबोळी'. पूर्वी हे पातेलं शीरखुर्मा घेऊन वाडीभर हिंडे, आणि कुठेही गेलं तरी नावामुळे घरी परत येई. रज्जाकभाई त्या नावावरून बोट फिरवत बसले आणि एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. तीन महिने ते दुसऱ्यांची भांडी परत करत होते. आपलं भांडं त्यांनी कुणाकडे पाठवलंच नव्हतं. भांडं काही आपल्या पायांनी घरी येत नाही. कुणालातरी घेऊन यावं लागतं.

त्यांनी माजला फोन केला. रविवार नव्हता.

"अब्बा, काय झालं?" तो घाबरला.

"काही नाही. अम्मी खिचडीत पाणी किती घालायची रे?"

"मला कसं माहीत, अब्बा?" मग म्हणाला, "थांबा, फोन ठेवू नका. बघून सांगतो." बापलेकांनी मिळून खिचडी लावली, एक लोणावळ्यात, एक पुण्यात. इंद्रायणी तांदूळ, मुगाची डाळ, दुधी, नावापुरतं तेल. माजची मीटिंग होती की नाही, कुणास ठाऊक. कुकर उघडेपर्यंत तो फोनवरच होता.

पातेलं झाकून रज्जाकभाई तळमजल्यावर गेले. नंदाबाईंनी दार उघडलं. "पथ्याची आहे," एवढंच ते म्हणाले, पातेलं त्यांच्या हातात दिलं आणि धापा टाकत वर आले.

संध्याकाळ झाली. बेल वाजली नाही. दुसरा दिवस उजाडला. खिचडी बेचव झाली असेल. सुनेने मोलकरणीला दिली असेल. किंवा नंदाबाई पातेलं हल्लीच्या पद्धतीने दाराबाहेर ठेवून निघून जातील. या विचाराने त्यांनी दोनदा दार उघडून पाहिलं. दाराबाहेर फक्त त्यांच्याच चपला होत्या.

दुपारी बेल वाजली. नंदाबाई जिना चढून दमल्या होत्या. हातात पातेलं, चिंचेने घासून लख्ख केलेलं, झाकणाशिवाय. आत काही नव्हतं. रज्जाकभाईंनी ते हातात घेतलं. लैलाचं भांडं रिकामं परत आलं होतं. नियमाप्रमाणेच आलं होतं, आणि तरी त्यांनी ते तिरपं करून आत पुन्हा एकदा पाहिलं.

"मीठ कमी व्हतं," नंदाबाई म्हणाल्या.

"उद्या घालीन."

"भाऊ, भांडं रिकामं दिऊ न्हाई, मला बी ठावं हाय. माजी सासू शिव्या घालायची त्येच्यावरनं. पर डाक्टरीनबाईची बंदी, त्या सेक्रेटरीची नोटीस. मग काय घालून आनू ह्येच्यात?" त्या त्यांना बाजूला सारून आत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. "म्हून म्या सोताच आल्ये. दिसभर खाली मी तरी कुनाशी बोलत्ये? च्या टाका. बिनसाकरंचा."

रज्जाकभाईंनी चहाचं आधण ठेवलं. एक कप बाहेर, मोरीपाशी, रोजच्या जागी होता. दुसरा कुठे ठेवलाय, ते त्यांना पटकन आठवेना.